निंदा, निषेध आणि माळ्यावरची पाटी (इराक २००३)

दौलतगंजकर | शनिवार, सकाळी १०:१२

दौलतगंजातलं आमचं घर दिवाळीच्या आत रिकामं करायचं आहे. तिघा भावांच्या वाटण्या झाल्या, आता माळे उपसणं चालू आहे. (घर लष्करातलं. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: लष्कर हा ग्वाल्हेर शहराचा भाग, फौजेशी संबंध नाही. निदान आता नाही.) काल पितळी घंगाळाच्या मागून एक पत्र्याची पाटी निघाली. पांढऱ्यावर लाल अक्षरं: 'इराक युद्ध निषेध सभा'. खाली 'रविवार ता. २३' मधले २३ खोडून ३० केलेले.

पाटी नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते शाळेत हिंदी शिकवायचे. घरात मराठी, वर्गात हिंदी, आणि भांडण समोरच्याला झेपेल त्या भाषेत.

२००३ चा मार्च. २० तारखेला, गुरुवारी, बगदादवर हल्ला सुरू झाला. नानांनी ठरवलं, गल्लीत सभा घ्यायची. आपल्या सभेने बुश थांबणार नाही हे त्यांनाही कळत होतं, पण "दौलतगंजात कोणी अवाक्षर काढलं नाही असं नको व्हायला" एवढं त्यांचं म्हणणं. रविवार २३ ठरला, पेंटरने पाटी आणून दिली, आणि मग कोणाच्या तरी डोक्यात उजेड पडला की त्या दिवशी वर्ल्डकपची फायनल आहे. जोहान्सबर्गला ऑस्ट्रेलियाने ३५९ केल्या, आपण १२५ धावांनी हरलो आणि सभा ३० तारखेवर गेली. पाडव्याच्या तीन दिवस आधी.

पण खरा घोळ 'निषेध'चा. दत्ताच्या देवळाच्या ओट्यावर पाटी टांगली, तर समोरचे किराणावाले चाचा विचारायला आले, "मास्साब, ये किस चीज़ की मनाही है?" हिंदीत निषेध म्हणजे मनाई. धूम्रपान निषेध, प्रवेश निषेध. चाचांना वाटलं, इराकबद्दल तोंड उघडायलाच बंदी आली. हिंदीचा मास्तर, आणि पाटी लिहिताना डोकं मराठीत! हे नानांना फार लागलं. बदलायची तर हिंदीत 'निंदा सभा' करावी लागली असती, आणि आमच्या आजीला ती शेजारणींच्या चहाड्यांची सभा वाटली असती. पाटी तशीच राहिली. चाळीसेक माणसं आली, त्यातली निम्मी चहासाठी.

आणि पुढच्याच आठवड्यात संसदेत याच शब्दाने घोडं अडवलं. युद्धाविरुद्ध ठराव करायचा यावर सगळे पक्ष राजी, पण विरोधकांना कडक शब्द हवा होता आणि सरकारला अमेरिकेशी वाकडं घ्यायचं नव्हतं. तोड निघाली ती अशी: हिंदी ठरावात 'निंदा', इंग्रजी पाठात मात्र 'कंडेम' नाही, 'डिप्लोर'. देशात निंदा, वॉशिंग्टनला खंत. ८ एप्रिलला लोकसभेत एकमताने ठराव झाला. अध्यक्षांच्या खुर्चीवर मनोहर जोशी, पंतप्रधान अटलजी, म्हणजे आमच्याच शिंदे की छावनीतले. दुसऱ्या दिवशी बगदाद पडलं.

नानांनी पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, "बघ, अटलजींनाही पाटी रंगवताना हाच त्रास झाला."

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात आहे, आज पाटी समोर असल्याने विचारतो. दुसऱ्यांच्या देशात चाललेल्या युद्धात आपल्या देशाने पडू नये म्हणून लोक जो विरोध करतात, तो नेमका कुठे जाऊन पोचतो? पोचतो का? अनुभव असेल त्यांनी लिहा, नसेल त्यांनीही लिहा, तसंही कोण थांबतंय.

---

चंबळचं_पाणी | शनिवार, सकाळी १०:३१

काका, पाटी भंगारात देऊ नका!! फोटो टाका.

अवांतर: आमच्या कोचिंगमध्ये सर 'कड़ी निंदा' म्हणाले की सगळी पोरं हसतात. शब्दाची पार रया गेली आहे. २००३ मध्ये त्यावरून संसदेत अडून बसले होते हे वाचून मजा वाटली.

---

इतिहासवेडा | शनिवार, सकाळी ११:०५

उत्तम धागा. पण गोष्ट तुम्ही अर्ध्यात सोडलीत, दौलतगंजकर. एप्रिलचा ठराव हा शब्दांचा खेळ होता, त्यात भारताचं काही पणाला लागलेलं नव्हतं. कसोटी नंतर आली. युद्ध 'संपल्यावर' अमेरिकेला इराक सांभाळायला दुसऱ्यांचे सैनिक हवे होते आणि भारताकडे त्यांनी मागितली अख्खी डिव्हिजन, १७ ते २० हजार जवान. भाग ठरत होता उत्तरेतला, मोसुलच्या बाजूचा. जूनमध्ये पेंटागॉनची माणसं दिल्लीला येऊन बसली. सोनिया गांधींनी पंतप्रधानांना विरोधाचं पत्र लिहिलं. डावे विरोधात होतेच. सरकारच्या आत मात्र 'जाऊ या' म्हणणारेही होते, आणि इंग्रजी वर्तमानपत्रांत मोठमोठे लेख येत होते की महासत्ता व्हायचं तर ही संधी दवडू नका.

१४ जुलै २००३ ला मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने नाही म्हटलं. तेही कसं? संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करू. दार लावलं, कडी घातली नाही.

यातला किस्सा भाकपचे ए. बी. बर्धन यांनी नंतर सांगितलेला आहे. (बर्धन जन्माने बंगाली, पण वाढले नागपुरात, १९५७ ला तिथूनच आमदार झाले. मराठी अगदी आपल्यासारखं.) अटलजींनी त्यांना आणि माकपच्या सुरजीत यांना बोलावलं आणि विचारलं, फौज पाठवायच्या तुम्ही बाजूने की विरोधात? दोघं म्हणाले, विरोधात. तर अटलजी म्हणाले, मग तो विरोध दिसत का नाही?

झालं. दोघं बाहेर पडले आणि पक्षांनी आवाज वाढवला. मग अमेरिकेला सांगायला सोयीचं झालं: लोकमत विरोधात आहे हो, आमचा नाइलाज आहे.

तुमच्या नानांची सभा त्या दृष्टीने अटलजींच्या कामाची होती, फक्त तीन महिने लवकर झाली.

---

थेट_सवाल | शनिवार, दुपारी १२:२०

वाटच बघत होतो हा किस्सा कधी येतो याची. लोक तो विरोधाच्या विजयाची कथा म्हणून सांगतात. मला तर उलटं दिसतं. वाजपेयींचं मन आधीच झालेलं होतं, त्यांना फक्त निमित्त हवं होतं. त्यांनी विरोध मागवून घेतला, जसा लग्नात बँड मागवतात. मन दुसरीकडे असतं तर याच मोर्चांवर पाणी मारलं असतं.

आणि दुसरा प्रश्न, कोणाला आवडो न आवडो. पाठवायलाच हवी होती असं मी म्हणत नाही, पण 'परक्यांच्या युद्धात आपण का पडायचं' हे वाक्य फार सोपं आहे. आखातात आपली लाखो माणसं कामाला आहेत. १९९० मध्ये कुवेतमधून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय विमानांनी आणावे लागले होते. तेल तिथूनच येतं. 'परकं' कुठे राहिलंय ते? घरात गॅस पेटवताना कोणी निषेध करत नाही.

---

टेम्सकाठी | शनिवार, सायंकाळी ५:४८ (इथली दुपार)

थेट_सवाल, तुमचा बँड मी प्रत्यक्ष वाजवला आहे, म्हणून लिहिते.

मूळची जिवाजीगंजची. २००३ मध्ये लंडनला शिकत होते. १५ फेब्रुवारीच्या मोर्चाला गेले ते मैत्रिणीने ओढून नेलं म्हणून. कडाक्याची थंडी. दोन बाजूंनी लोक निघाले, एक रांग एम्बँकमेंटवरून, एक गॉवर स्ट्रीटवरून, पिकॅडिलीला एकत्र आले आणि पुढे हाइड पार्क. पोलीस साडेसात लाख म्हणत होते, आयोजक वीस लाख. मला एवढंच आठवतं की दोन तास आम्ही जागचे हललोच नाही, मोर्चा म्हणजे नुसतं उभं राहणं. शेजारी एक आजी थर्मास घेऊन होत्या, त्यांच्या हातात फलक होता की युद्ध नको, चहा करा. मला ग्वाल्हेरची आठवण आली, आपल्याकडे सभेला चहा लागतोच.

त्या दिवशी जगभर मोर्चे होते, रोमला तर त्याहून मोठा. आम्हाला खरंच वाटलं होतं, हे बघून ते थांबतील.

१७ मार्चला रॉबिन कुक यांनी मंत्रिपद सोडलं. त्यांचं राजीनाम्याचं भाषण मी टीव्हीवर पाहिलं. संपल्यावर खासदारांनी टाळ्या वाजवल्या, आणि ब्रिटनच्या संसदेत टाळ्या वाजवत नाहीत, तिथे नुसतं 'हिअर हिअर' करतात. दुसऱ्या दिवशी मतदान. सत्ताधारी मजूर पक्षाचेच १३९ खासदार सरकारविरुद्ध गेले. तरीही ठराव ४१२ विरुद्ध १४९ ने पास, कारण विरोधी हुजूर पक्ष पंतप्रधान ब्लेअर यांच्या पाठीशी उभा राहिला. विरोधी पक्षच सरकारच्या बाजूने! हे मला फार नंतर कळलं, की रस्त्यावर कितीही लोक असोत, सभागृहात त्यांचा हात धरणारं कोणी लागतं.

२०१६ मध्ये ब्रिटन या युद्धात कसा पडला ते तपासणाऱ्या चिलकॉट समितीचा अहवाल आला, सात वर्षांच्या चौकशीनंतर. त्यात ब्लेअर यांनी बुशना लिहिलेली चिठ्ठी बाहेर आली, जुलै २००२ ची, की काहीही झालं तरी मी तुमच्यासोबत आहे. जुलै २००२! आम्ही फेब्रुवारी २००३ मध्ये थंडीत कुडकुडत होतो. तोपर्यंत ब्रिटनचे १७९ सैनिक गेले होते. इराकी किती, त्यावर अजून वाद आहेत.

म्हणजे थेट_सवाल, तुमचं अर्धं खरं आहे. मन झालेल्या माणसासमोर वीस लाख कमी पडतात.

---

चंबळचं_पाणी | शनिवार, सायंकाळी ६:०२

वाखुसा (वाचनखूण साठवली).

ताई, मग पुन्हा कधी मोर्चाला गेलात का?

---

टेम्सकाठी | शनिवार, सायंकाळी ६:१५

नाही गेले. कामधंदा, मुलं. पण २०१३ च्या ऑगस्टमध्ये सीरियावर हल्ल्यासाठी सरकारने संसदेची परवानगी मागितली तेव्हा रात्री जागून मतदान पाहिलं. २७२ विरुद्ध २८५, सरकार हरलं. युद्धाच्या प्रश्नावर ब्रिटिश पंतप्रधान संसदेत हरणं म्हणजे विशेषच. त्या रात्री प्रत्येक दुसरा वक्ता इराकचं नाव घेत होता. दहा वर्षं उशिरा का होईना, कुठेतरी जमा झालं होतं ते.

---

इतिहासवेडा | शनिवार, रात्री ८:४०

टेम्सकाठी, 'हात धरणारं सभागृह' यावर तुर्कस्तानचं उदाहरण बघा, मला ते सगळ्यांत आवडतं.

अमेरिकेला तुर्कस्तानातून उत्तर इराकमध्ये उतरायचं होतं, ६२ हजार सैनिक. सरकार तयार, मदतीचा आकडा ठरत आलेला. जनता ठाम विरोधात. १ मार्च २००३ ला संसदेत मतदान झालं: बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. बाजूची मतं जास्त! सरकारी लोकांनी क्षणभर जल्लोषही केला म्हणे. मग कोणीतरी नियम काढला, हजर सदस्यांच्या निम्म्याहून अधिक मतं हवीत. हजर ५३३, म्हणजे हवी होती २६७. तीन मतं कमी. ठराव पडला.

अमेरिकेच्या चौथ्या पायदळ डिव्हिजनचं सामान जहाजांवर चढवून भूमध्य समुद्रात तिष्ठत होतं, ते वळसा घालून कुवेतला न्यावं लागलं. अंकाराच्या रस्त्यावर तेव्हा जे लोक होते, त्यांचा आवाज त्या १९ तटस्थांच्या कानात शिरला असणार. उघड विरोध करायचं धैर्य नाही, पण हातही वर होईना. अशा माणसांवरच मोर्चाचा परिणाम होतो, असं मला वाटतं. ब्लेअर यांच्यावर नाही, पंधराव्या बाकावरच्या घाबरट माणसावर.

आणि आपल्याच शेजारची एक गोष्ट. जानेवारी १९९१, पहिलं आखाती युद्ध. चंद्रशेखर यांच्या सरकारने अमेरिकी लष्करी विमानांना भारतात इंधन भरू दिलं. मुंबई, मद्रास आणि आग्रा. आग्रा आपल्यापासून किती, सव्वाशे किलोमीटरही नाही. बातमी फुटली, गदारोळ झाला. सरकार टिकून होतं राजीव गांधींच्या टेकूवर, आणि त्यांनीच विरोध सुरू केला. फेब्रुवारीत इंधन बंद. इथे मोर्चाने नाही, टेकूने काम केलं.

---

मुरारची_माई | शनिवार, रात्री ९:५५

मी सहसा लिहीत नाही, वाचते. पण सगळे संसदेच्या आकड्यांत रमलेत म्हणून लिहावंसं वाटलं.

आमचे 'हे' १९८७ च्या ऑक्टोबरात श्रीलंकेत गेले. शांतिसेना. जुलैत भारत-श्रीलंका करार झाला तेव्हा आम्हाला सांगितलं होतं, दोन-तीन महिन्यांचं काम आहे, हत्यारं जमा करून घ्यायची आणि परत. करार झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी कोलंबोत सलामी देणाऱ्या नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला, ते टीव्हीवर पाहिलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ज्यांच्या घरी चाललाय त्यांना पाहुणा नको आहे. कोणत्याही पुढाऱ्याला हे इतक्या लवकर कळलं नसेल.

ज्यांना वाचवायला गेलो त्या तमिळ वाघांशीच लढाई जुंपली. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरने उतरवलेली शिखांची एक तुकडी, तीस जवान. एकच जिवंत राहिला, तोही कैद झाला. इथे मुरारच्या छावणीत आम्हा बायकांना हे पेपरातून कळलं. पत्र यायला पंधरा दिवस, आणि पत्रात काय असायचं, 'मी मजेत आहे, छोट्याच्या शाळेची फी भरलीस का'.

तेव्हा देशात विरोध होता की. तामिळनाडूत तर होताच. जॉर्ज फर्नांडिस बोलत होते. श्रीलंकेत राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा म्हणत होते, जुलै ८९ पर्यंत चालते व्हा. त्यांना आम्ही नको, तमिळांना आम्ही नको, आणि इकडेही लोक विचारत होते तुम्ही तिथे गेलातच कशाला. जवानाला कोण सांगणार की तो स्वतःहून गेला नव्हता?

मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली. स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी आले नाहीत. त्यांचं त्यांच्यापरीने बरोबर असेल, आपल्याच भाषेची माणसं या फौजेने मारली असं त्यांचं म्हणणं. पण 'हे' त्या बंदरावर उभे होते. त्यांनी घरी येऊन एकदाच सांगितलं, "बँड होता, पण वाजवणारेही इकडेतिकडे बघत होते." अकराशेहून जास्त जवान तिकडेच राहिले.

त्यांचं स्मारक कोलंबोजवळ श्रीलंका सरकारने बांधलं. आपल्याकडे त्या वर्षांविषयी बोलायचं म्हटलं की अजूनही सगळे घसा खाकरतात.

मी विरोधाच्या विरोधात नाही. पण विरोध जाताना करा. परत येताना त्या माणसाला पाणी विचारा.

---

थेट_सवाल | शनिवार, रात्री १०:२०

माई, नमस्कार. वर जे बँडबिंड लिहिलं ते तुमच्या पोस्टच्या आधीचं आहे, त्याचा रोख दुसरा होता.

---

मुरारची_माई | शनिवार, रात्री १०:२६

अरे बाबा, मी कुठे काय म्हटलं. लिही तू.

---

लाल_सलाम_ग्वालियर | शनिवार, रात्री ११:१०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

संपादक | शनिवार, रात्री ११:३२

वरचा प्रतिसाद एका सदस्याच्या कुटुंबाबद्दल होता, सदस्याला सांगून काढला आहे. राजकारणावर भांडा, घरच्यांवर नको. हिंदी वाक्यं चालतील, पण अख्खे प्रतिसाद मराठीत लिहावेत.

---

दौलतगंजकर | रविवार, सकाळी ७:४५

माई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये गाळली होती, ती आता लिहितो.

आमच्या खालच्या मजल्यावर तेव्हा भाडेकरू होते, भिंडकडचे निवृत्त सुभेदार. भिंड-मुरैना म्हणजे घरटी एक फौजी. त्यांचा मुलगा पायदळात. मार्चच्या सभेला सुभेदारसाहेब आले, शेवटच्या ओळीत बसले, चहा घेतला, काही बोलले नाहीत. जूनमध्ये मात्र फौज पाठवायची चर्चा पेपरात येऊ लागली तशी नानांनी दुसऱ्या सभेची तयारी केली. पाटी तीच, तारीख नवी. तेव्हा ते वर आले. मी तिथेच होतो.

म्हणाले, "मास्साब, आप सभा कर लो, पर जाएगा तो हमारा लड़का."

नाना म्हणाले, म्हणून तर करतोय, तो जाऊ नये म्हणून.

त्यावर सुभेदार जे बोलले ते मला अजून तसंच्या तसं आठवतं. मराठीत लिहितो: "मुलाला जायचं आहे. युनोची फौज म्हणून गेला तर पगारावर वेगळा भत्ता मिळतो. भिंडला अर्ध्या गावाची पक्की घरं त्या भत्त्यावर उभी आहेत. तो गेला आणि मेला, तर तुमची सभा मला काय सांगणार? की चुकीच्या लढाईत मेला?"

नाना गप्प. मी त्यांना वर्गाबाहेर कधी गप्प बघितलं नव्हतं.

मग नाना विचारते झाले, की हे युनोचं आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं? हे तर अमेरिकेच्या हाताखाली जाणं आहे. सुभेदारांना तो फरक चांगला माहीत होता, आपल्यापेक्षा जास्त. त्यांनी कोरियाचं सांगितलं. ५० साली तिथे लढाई पेटली तेव्हा नेहरूंनी लढणारी पलटण पाठवली नाही, छत्रीने उडी मारणारं डॉक्टरांचं पथक पाठवलं. लढाई थांबल्यावर ५३ साली कैद्यांची राखण करायला आपली फौज गेली, आणि तिचे प्रमुख होते जनरल थोरात, "आपके मराठा". ते म्हणाले, "वैसे भेजो तो मैं ख़ुद पाटी उठाऊँगा."

दुसरी सभा झालीच नाही. नानांनी पाटी माळ्यावर टाकली. १४ जुलैला सरकारने नाही म्हटलं आणि विषय संपला, निदान बाकीच्यांसाठी.

मी हे पहिल्यांदा लिहिलं नाही, कारण मला नानांची सभा मोठी करून सांगायची होती.

---

इतिहासवेडा | रविवार, सकाळी ९:३०

दौलतगंजकर, फार चांगलं लिहिलंत.

सुभेदारांच्या प्रश्नाला ग्वाल्हेरात जुनी मुळं आहेत. १९०० मध्ये चीनमध्ये बॉक्सर बंड झालं तेव्हा माधवराव शिंदे महाराज स्वतः तिकडे गेले आणि 'ग्वाल्हेर' नावाचं इस्पितळाचं जहाज दिलं. १९१४ मध्ये दुसरं जहाज, त्याचं नावच 'लॉयल्टी'. राजनिष्ठा! त्याच वर्षी नोव्हेंबरात पूर्व आफ्रिकेत टांगाच्या मोहिमेवर जी फौज गेली, तिच्यात ग्वाल्हेर पायदळाची अर्धी पलटण होती. इंग्रजांचा तिथे सपशेल पराभव झाला, मधमाश्यांनीही झोडपलं. इथल्या कुठल्या घरात त्या वेळी कोणी 'का गेलात' असं विचारलं असेल का? संस्थानात विरोध करायचा कोणाला, दरबाराला?

ब्रिटिश हिंदुस्थानात निदान ३९ साली व्हाइसरॉय लिनलिथगोने कोणालाही न विचारता भारत युद्धात आहे असं जाहीर केलं, तेव्हा काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. आपल्याकडे राजीनामा द्यायला मंत्रिमंडळच नव्हतं.

म्हणून नानांच्या चाळीस माणसांच्या सभेला मी हसणार नाही. दौलतगंजच्या ओट्यावर हा प्रश्न उघड विचारता येणं, हीच गोष्ट इथे फार जुनी नाही.

---

थेट_सवाल | रविवार, सकाळी १०:१५

मी माझं एक वाक्य मागे घेतो आणि एक ठेवतो.

मागे घेतो: बँड. तो बँड मागवावा लागला तरी वाजवणारे आधीपासून तयार असावे लागतात. तुमचे नाना मार्चपासून तयार होते.

ठेवतो: सुभेदारांचा भत्ता. विरोध करणाऱ्यांनी जवानाच्या बापाला त्या भत्त्याच्या बदल्यात काय दिलं? स्पेनचं बघा. नव्वद टक्के जनता विरोधात असताना पंतप्रधान अझनार यांनी इराकला फौज पाठवली. मार्च २००४ मध्ये माद्रिदला रेल्वेत स्फोट झाले, तीन दिवसांनी निवडणूक, सरकार गेलं, सापातेरो आले आणि मे संपायच्या आत फौज परत. विरोध जिंकला म्हणायचं तर खुशाल म्हणा. पण मधल्या काळात जे गेले, त्यांच्या घरच्यांकडे ना भत्ता उरला ना कारण. इथे मला उत्तर सापडत नाही आणि ते तुम्हा कोणाकडे असेल असंही वाटत नाही.

---

टेम्सकाठी | रविवार, दुपारी २:५०

माझ्याकडे नाही.

माई, तुमचे 'हे' आता कसे आहेत?

---

मुरारची_माई | रविवार, सायंकाळी ४:०५

बरे आहेत गं. गुडघे दुखतात. हा धागा त्यांना वाचून दाखवला. टांगाच्या मधमाश्यांवर खूप हसले. श्रीलंकेचं वाचलं तेव्हा म्हणाले, चष्मा दे, आणि पुन्हा स्वतः वाचलं. मग काही नाही, बाहेर जाऊन कुंड्यांना पाणी घातलं.

दौलतगंजकर, सुभेदारांच्या मुलाचं पुढे काय झालं ते नाही लिहिलंत.

---

चंबळचं_पाणी | रविवार, सायंकाळी ४:०८

हो काका! आणि पाटीचा फोटो!

---

दौलतगंजकर | रविवार, रात्री ८:३०

फोटो उद्या टाकतो, पाटी धाकट्याच्या गाडीत गेली चुकून.

मुलगा दोन-तीन वर्षांनी काँगोला गेला. युनोची निळी टोपी, सगळं रीतसर. वर्षभराने परत आला, धडधाकट. सुभेदारांनी पेढे वाटले आणि आमचं घर सोडून भिंडला गेले. नाना एकदा त्यांना भेटायला जाऊन आले. भत्त्यातून वरचा मजला चढवला होता. नाना सांगायचे, खोल्या दोन, हवेशीर, पण प्लास्टर राहिलंय, तेवढ्यात पैसे संपले.